लडकूच्या वाघाची दुर्बीण

मी बंदुकीवरची दुर्बीण बोलतेय. बंदूक केव्हाच गेली, मी राहिले. भिवंडीजवळच्या खारबाव गावात पंढरीशेठच्या बंगल्यात, टीव्हीच्या बाजूच्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. एका अंगाला कबड्डीची ढाल, दुसऱ्या अंगाला प्लास्टिकची द्राक्षं.

माझा जन्म १९५७ सालचा, ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावातला. कारखाना म्हणजे खाली गाईंचा गोठा आणि वर सहा माणसं. आमच्या मालकाचं नाव त्याच्या गावाबाहेर कुणी ऐकलं नव्हतं. पण काच घासणारा म्हातारा मोठा हट्टी होता. हातातली काच मनासारखी होईपर्यंत तो जेवायला उठत नसे. माझी नजर चांगली आहे ती त्याच्या उपासांमुळे.

मी चौपट मोठं दाखवते, एवढंच. त्याचं विशेष नाही. माझा खरा गुण तिन्हीसांजेचा. माणसाला जिथं नुसती सावली दिसते, तिथं ती सावली कुणाची हे मला दिसतं.

भिवंडीत लूमची मशिनं बसवायला आलेल्या एका इंजिनिअरनं मला इकडे आणलं आणि परत जाताना एका कारखानदार शेठला देऊन टाकलं. शेठकडे परवान्याची बंदूक होती, पण तिच्या आवाजानं शेठच दचकायचे. म्हणून बंदूक पुसायला, उचलायला आणि वेळ आली तर उडवायला त्यांनी खारबावच्या लडकूला ठेवलं. लडकू पंचविशीचा, कमी बोलणारा गडी. त्यानं मला बंदुकीवर चढवलं आणि आमचं जमलं.

त्रेसष्ट सालच्या थंडीत गावातल्या दोन शेळ्या नाहीशा झाल्या. वाघ आला, अशी आवई उठली. इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. गावानं लडकूला गाठलं. लडकू बंदूक घेऊन शेतातल्या माळ्यावर बसला आणि खाली काठ्या घेऊन पंधरा-वीस शूर माणसं एकमेकांच्या मागे लपून उभी राहिली.

दिवस मावळला. खाडीकडच्या बांधावर काहीतरी हललं. पिवळं, अंगभर काळे ठिपके, खाली वाकून सरकत येणारं.

"लडक्या, त्यो बग! मार!"

"आरं मार ना! बगतंस काय?"

लडकूचं बोट घोड्याकडे निघालं. पण त्यानं आधी माझ्यातून पाहिलं, आणि मी होती नव्हती ती सगळी नजर पणाला लावली. ते ठिपके लूमच्या तेलाचे होते. पिवळी होती ती चादर, डाग पडून नापास झालेली. चादरीखाली दोन पाय, पायांत वहाणा. आणि चादरीतून बाहेर डोकावणारं तोंड होतं रामूचं. भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमवर काम करणाऱ्या रामूचं.

रामू वाकून का येत होता, तेही मला दिसलं. पेंढ्याच्या उडवीमागे लडकूची धाकटी बहीण गोदू उभी होती.

लडकूची पापणी थरथरली. पुढच्या क्षणी त्यानं नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. रामूनं चादरीसकट खाडीच्या चिखलात उडी घेतली.

"लागली!" लडकू ओरडला. "लागून खाडीत गेला! आता न्हाय येत परत."

माणूस होता म्हणाला असता, तर कोण माणूस, कशाला आला होता, असं विचारत गाव थेट गोदूपर्यंत पोचलं असतं. महिन्याभरात लडकूनं स्वतः पुढाकार घेऊन बहिणीचं लग्न रामूशी लावून दिलं. शेळ्या म्हणाल, तर त्या चार दिवसांनी आपल्या आपण घरी आल्या. पण तोवर वाघ एवढा गाजला होता, की शेळ्यांची कुणी विचारपूससुद्धा केली नाही.

पुढे शेठ वारले आणि बंदूक पोलिसांत जमा झाली. मला बंदुकीवर धरून ठेवणारी एक कडी मोडल्यामुळे मी आधीच खाली उतरले होते, ती लडकूच्या ट्रंकेत राहिले. लडकूही गेला. त्याच्या मुलानं, पंढरीनं, जमिनीवर गोदामं बांधली आणि मला कपाटात आणलं.

पंढरीच्या तोंडी वाघ दर वर्षी हातभर वाढला. शेवटी तर तो १९४० साली एका गोऱ्या साहेबासमोर मारला गेला आणि साहेबानं खूश होऊन मला बक्षीस दिलं. त्या साली लडकू दोन वर्षांचा होता. पण वाघाची गोष्ट ऐकताना वजाबाकी कोण करतं?

माझी पारख करायलाही बरेच जण आले. भंगारवाल्यानं मला तळहातावर तोललं आणि म्हणाला, "लोहा है, सेठ. वजन में दे दो." मोबाइलच्या दुकानदारानं विचारलं, "इसमें फोटो कहाँ से निकलता है?"

मग गेल्या डिसेंबरात मृणाली आली. पंढरीच्या मुलाला, मनोजला, ती पसंत होती आणि तिला मनोज. दोन्ही घरांची तेवढी बोलणी राहिली होती. ती वडिलांना घेऊन घर पाहायला आली. मृणाली ठाण्याला रायफल क्लबमध्ये नेमबाजी शिकवते, हे कळल्यापासून पंढरीला झोप नव्हती. त्याची बायको रूपा हिनं माझ्या काचा चिंच आणि राख लावून घासल्या. कशी वाचले, माझं मला माहीत.

चहा झाल्यावर पंढरीनं सबंध वाघ सांगितला आणि मला मृणालीच्या हातात दिलं. "बघ पोरी. तुमच्या क्लबात आहे का असली चीज?"

साठ वर्षांनी मला कुणीतरी नीट धरलं. तिनं मला उजेडाकडे केलं, वरची चकती टकटक फिरवली.

"हिचा आतला नेमाचा काटा मधोमध नाही म्हणतात," पंढरी घाईनं म्हणाला. "जुनी आहे ना, बिघडला असेल."

"बिघडलेला नाही. तेव्हा रचनाच तशी होती. चकती फिरवली की काटाच सरकायचा." तिनं काचेवर हळूच फुंकर मारली. "कडेला बुरशी आहे, निघेल. नळीचं माप मात्र वेगळंच. आजची कुठली कडी हिला बसणार नाही. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नाही, पण काच फार मन लावून केलीय."

मी फुगले. तेवढ्यात तिनं माझी गंजकी कडी सरकवली आणि तिथला ठसा वाचला. "एकोणीसशे सत्तावन्न."

"काय सत्तावन्न?" पंढरीनं विचारलं.

"हिचं जन्मसाल. काका, चाळीस साली ही नव्हतीच."

मृणालीच्या वडिलांनी डोळ्यांनी तिला दटावलं.

पंढरीचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे माझा बाप खोटारडा?"

"मी तसं नाही म्हटलं. ठशावर आहे ते वाचलं."

"ठसा चुकीचा असेल!"

"बाबा, शांत व्हा ना," मनोज म्हणाला.

"तू गप! लग्नाआधी आमचा वाघ खोटा पाडते, लग्नानंतर काय करील?"

मृणालीनं मला टेबलावर ठेवलं आणि पर्स उचलली. वडीलही उठले. मला वाचा असती तर! पण मला नुसते डोळे दिलेत.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून गोदूआत्या उठली. वय एकोणऐंशी, रामूला जाऊन दोन वर्षं झालेली.

"बस खाली, पंढरी. पोरगी खरं बोलतेय. तुझा बाप वाघ मारायला बसला व्हता, पन त्यो वाघ नव्हता."

"मग कोण होता?"

"माझा नवरा व्हता!"

आणि तिनं सगळं सांगितलं. चादर, तेलाचे डाग, चिखल. "चिखलातना मान काढून बसलेला, तासभर. मीच काढला. दादानं शपथ घातलेली, कुनाला सांगू नको. पन आज त्याच्या वाघापायी पोराचं लग्न मोडतंय, तं बोलायलाच पायजे."

"म्हणजे," पंढरी खाली बसत म्हणाला, "वाघ म्हणजे आपला रामूमामा?"

मनोज आधी हसला, मग रूपा, मग मृणालीचे वडील. मृणाली मात्र हसली नाही.

"सगळे मार मार ओरडत असताना ते थांबले," ती म्हणाली. "आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात. समोर काय आहे हे कळल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचं नाही. दहातले नऊ जण विसरतात."

पंढरीनं मला टेबलावरून उचललं. मग मला घेऊन गच्चीवर गेला, त्याच्यामागून सगळे. सूर्य बुडाला होता. इतकी वर्षं त्यानं मला शंभर लोकांना दाखवलं, पण माझ्यातून एकदाही पाहिलं नव्हतं. आज त्यानं मला डोळ्याला लावलं.

"काय दिसतंय?" मनोजनं विचारलं.

"सगळं लांब लांब गेलंय," पंढरी खिन्नपणे म्हणाला. "म्हातारी झाली बिचारी."

मृणालीनं पुढे होऊन त्याच्या हातातच मला अलगद फिरवलं. "उलटी धरलीत, बाबा."

आल्यापासून ती त्याला काका म्हणत होती. पंढरीनं डोळा माझ्यावरून काढला नाही, काढता येत नव्हता बहुतेक. काच ओलसर झाली, आणि ती चिंचेनं नव्हती.

लग्न वैशाखात झालं. माझी बुरशी मृणालीनं जाणकाराकडून काढून आणली. पंढरी अजूनही पाहुण्यांना मला दाखवतो आणि बापानं रामूमामाला कसा वाचवला ते सांगतो. मात्र परवाच्या सांगण्यात चादरीला शेपूट फुटल्याचं मला जाणवलं.

तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला राखेनं घासू नका आणि वजनावर घालू नका. एखाद्या संध्याकाळी तिला फडक्यानं हलकं पुसा आणि बाहेर घेऊन बसा. बंदूक नसली तरी चालेल. खरं सांगू? नसलेलीच बरी.