पेडलमधली घोड्यांची शर्यत

एकतीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरून माझी पाठ कामातून गेली. घरी बसल्यावर जुनी गिटार खाली काढली आणि तिच्यापायी वायरी जोडायचा, सोल्डरिंगचा नाद लागला. गिटारचा सूर जाडसर, खरखरीत करणारी एक छोटी पेटी असते. पायाने दाबायची, म्हणून तिला पेडल म्हणतात. माझं पहिलं पेडल मी जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं आणि त्याचा मला कोण अभिमान!

त्या वर्षी वणव्यात आमच्या गावचा कॅलम गेला. आग विझवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी तो एक. एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये आग विझवायच्या नव्या टँकरसाठी पैसे जमवायचा कार्यक्रम होता. मी आणि गावातले आणखी दोघं वाजवणार होतो. सुरुवातीला कॅलमसाठी दोन मिनिटं सगळे उभे राहिले. त्याची बायको नेरिडा पहिल्या रांगेत होती. मी तारांवर हात ठेवून मान खाली घातली, पण पेडल बंद करायचं राहिलं.

त्या शांततेत माझ्या स्पीकरमधून एक माणूस ओरडला, "शेवटच्या वळणावर तीन नंबर पुढे! तीन नंबर!"

मिठाच्या तळ्यापलीकडे रेडिओचा मनोरा आहे. त्याच्यावरून चाललेलं घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन माझ्या डब्यात शिरलं होतं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. नेरिडाने वर पाहिलं. मी प्लग उपटला, पण धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

कार्यक्रम कसाबसा उरकला. तारा गुंडाळत होतो, तेवढ्यात काठी टेकत मिसेस प्रॅट आल्या. वय ब्याऐंशी. उभी हयात त्यांनी दूरच्या शेतवाड्यांवरून वायरलेसवर येणाऱ्या हाका ऐकण्यात घालवली होती. कुणाला साप चावलाय, कुणी बाळंतपणात अडलंय. त्यांच्या घरावरच्या अँटेनांना गाव नावं ठेवायचं. मीही ठेवली होती.

"उघड तो डबा," त्या म्हणाल्या.

उघडला. त्यांनी आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे पेडल आहे का शेवयांचं ताट? एवढ्या लांब वायरी! आणि वरून प्लास्टिक. तू रेडिओ बनवलायस, बाबा. चांगला चालतोय."

"चुकलं माझं, मिसेस प्रॅट."

"रडू नकोस. मंगळवारी सकाळी घेऊन ये."

मंगळवारी त्यांनी मला ॲल्युमिनियमची पेटी दिली. धातू रेडिओला बाहेरच अडवतो, म्हणाल्या. मी सगळा माल तिच्यात हलवला, पेटी ग्राउंडला जोडली आणि वायरी कापून आखूड केल्या.

"आता ऐक आणि रेडिओच्या आवाजाला दहापैकी गुण दे," त्या म्हणाल्या. "बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत. कान तुझे, डोकं माझं."

"आधी दहा होते. आता सहा."

"सहा? झाकण दाखव." झाकणाच्या कडेला आतून रंग होता. "रंगावर झाकण बसवलं की धातूला धातू लागत नाही. घास."

पॉलिश पेपरने कडा पांढरी होईपर्यंत घासली. चार. मग गिटारकडून येणारी तार पेटीत शिरते तिथेच, अगदी तोंडाशी, त्यांनी एक रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ग्राउंडकडे जाणारा इवलासा कपॅसिटर लावायला सांगितला. "गिटारचा सूर सुखाने आत जाईल. रेडिओवाल्याला दारातूनच खालची वाट दाखवायची."

"एक," मी म्हणालो. "पण कुजबुज आहेच."

त्या माझी गिटारची तार हातात घेऊन बोटांनी चाचपत गेल्या. एका टोकाशी थांबल्या. "इथे आतली धातूची जाळी तुटलीये. ही तार फेक."

त्यांची तार लावली. काहीच नाही. इतकं काही नाही, की मला माझाच श्वास ऐकू आला. माझे डोळे भरून आले. नेरिडाची ती मान वर झालेली मला रोज दिसायची, हे मी त्यांना सांगितलं. मिसेस प्रॅट म्हणाल्या, "मग जाऊन तिलाच सांग ना. मला काय सांगतोस?"

गेलो. नेरिडाने चहा केला. माझी माफी ऐकून घेतली आणि म्हणाली, "कॅलमने तीन नंबरवरच पैसे लावले असते रे. त्या दिवशी, तो गेल्यापासून पहिल्यांदा, हसू येता येता राहिलं मला." मग आम्ही दोघंही हसलो आणि ती रडली.

टँकर ऑगस्टमध्ये आला. त्याच्याजवळ उभं राहून मी कॅलमच्या आवडीची संथ चाल वाजवली. दोन सुरांच्या मधे कोणी बोललं नाही. माणूसही नाही, रेडिओही नाही. मिसेस प्रॅट खुर्चीवर, तळहात स्पीकरला टेकवून बसल्या होत्या. खर्जातले सूर त्यांना तसे कळत.

नंतर मी आभार मानायला गेलो. "मिसेस प्रॅट, तुम्ही जे…"

"पुरे. घरी अजून किती पेडलं आहेत तुझ्याकडे?"

"अकरा."

"सगळी तशीच? शेवयांची?"

"सगळी."

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि उठायला माझा हात मागितला. "मंगळवारी दोन आण. आणि येताना केक आण, बिस्किटं नकोत."