न मोजलेले झोके

मित्रांनो, मी गोल्फची एक जुनी काठी आहे, सात नंबरची. तोंड लोखंडाचं, दांडा पोलादाचा. चौदा वर्षांपूर्वी एका बापाने मला दुकानातून आणलं आणि आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलं. तेव्हा मी तिला जड जात होते.

पुढे ती स्पर्धा जिंकू लागली. फोटोत ती असे, चषक असे. मी पिशवीत असे. त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या वर्षी एका सामन्यात तिचा चेंडू दाट गवतात गेला. तिने जोर लावून मला फिरवलं. गवताखाली झाडाचं मूळ होतं. आधी माझं तोंड आपटलं, मग धक्का दांड्यातून तिच्या डाव्या मनगटात गेला. मला ओरखडा आला. तिच्या हाडाला चीर गेली.

प्लास्टर निघालं तेव्हा निवड स्पर्धेला महिना उरला होता. पहिल्या सहांत आली तर संघात जागा. पुढची निवड थेट दोन वर्षांनी. फिजिओबाईंनी बजावलं, "दिवसाला तीस फटके. एकतिसावा नाही."

तिने शब्द पाळला. तरी मनगट सुजतच राहिलं. तिची पिशवी वाहणारा थोरला भाऊ रोज बर्फ लावी आणि म्हणे, "तुझ्यापेक्षा तुझ्या हाताचे नखरे जास्त." ती हसत नसे. तिची पकड रोज थोडी सैल होत होती. ते सगळ्यांच्या आधी मला कळलं, पण मला बोलता कुठे येतं?

शेवटी बाई स्वतः मैदानावर आल्या. तिने मला दोनदा नुसतंच हवेत फिरवलं, मग चेंडू मारला. पुन्हा दोनदा हवेत, मग चेंडू.

"हे मधलं काय?" बाईंनी विचारलं.

"सरावाचे झोके. ते मोजत नाहीत."

"कोण मोजत नाही?"

"आमच्या खेळात कुणीच नाही."

"अगं, मग मनगटाला तुमचे नियम कुणी शिकवले?"

दादाने मनात गुणाकार केला. "म्हणजे रोजचे नव्वद," तो म्हणाला आणि पिशवीसकट खाली बसला.

बाईंनी मनगट दाबून पाहिलं आणि लगेच एक्स-रे काढायला लावला. चीर पुन्हा उकलली होती. "आता खेळलीस तर हात कायमचा अधू होईल. सहा महिने काठी धरायची नाही."

मग दादा म्हणाला, "फोन मी करू?"

"नको. नाव मी दिलं होतं, मीच काढते."

फोन अर्ध्या मिनिटात संपला. तिने उजव्या हाताने मला पुसलं आणि पिशवीत ठेवलं. पुसायला मात्र फार वेळ लावला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता ही म्हणणार, माझी निगा राखा. तसं नाही. माझी रबरी मूठ चार वेळा झिजली आणि चार वेळा नवी बसवून मिळाली, दहा मिनिटांत. ती पुन्हा खेळेल की नाही, मला ठाऊक नाही. तुमचं काही दुखत असेल, तर खेळाचे नियम त्याला लावू नका. मनगट कुठल्याच दुकानात बदलून मिळत नाही.