आठ हात मांजरपाट

आमच्या निकितानं वर्षभर एक कापड मळवलं. हे सांगितलं की लोक हसायचे. आधी मीही हसलोच. मी लोहारा-उमरगा वडापची जीप चालवतो. माझ्या धंद्यात मळकं कापड म्हणजे सीटचं कव्हर.

पुण्यात चित्रकला शिकून ती घरी आली ती मोबाईलमध्ये सगळं जग घेऊन. जेवणं झाली की माझ्याजवळ बसून दाखवायची. कुठल्याशा देशात एका बाईनं पाडलेल्या घरांची दारं गोळा करून माळावर नुसती उभी केलेली. लोक त्या दारांतून ये-जा करतात आणि रडतात. एकानं बर्फाच्या खुर्च्या केल्या, माणसं त्या विरघळेपर्यंत बसून राहतात. मी म्हणायचो, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." पण खरं सांगतो, हळूहळू मला चटक लागली. स्टँडवर जीप भरायची वाट बघताना मी पत्र्यावरचा गंजही निरखायला लागलो. पोरीनं बापाची नजर बदलली, दुसरं काय.

मग तिनं आठ हात कोरा मांजरपाट आणला आणि वर्षभर घरात अंथरला. तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला वाटायचं, पोरगी आज ना उद्या त्याच्यावर चित्र काढणार. निकिता काहीच काढत नव्हती. त्याच्यावर हळद सांडली, चहा सांडला, सोयाबीनची धूळ बसली, माझ्या जीपचं ऑईल लागलं. माझे वडील, लिंबाजी, दुपारी त्याच्यावरच आडवे व्हायचे. होळीच्या आधी ते गेले. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग तेवढा कापडावर राहिला.

निकिता त्या डागावर हात ठेवून बसायची. "पप्पा, फोटोत आबा नुसतं दिसत्यात. ह्यात आबा हायत," म्हणायची. 

तेच कापड पोर्तुगालमधल्या एका प्रदर्शनानं फोटो बघून निवडलं. आता मूळ कापड पाठवायचं होतं. उंदरांच्या भीतीनं निकितानं ते गुंडाळून गोधड्यांच्या चळतीत मधोमध ठेवलं, आणि आम्ही दोघं उमरग्याला गेलो. कापडाच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून आणायची होती. कुरिअरवाल्याच्या हाती घडी द्यायची नाही, असा तिचा हट्ट.

घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांना पुढचं सांगायला नको. घटाच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुतल्यावाचून राहत नाही. आम्ही परतलो तेव्हा कुंपणावर, ट्रॉलीवर, कडब्याच्या गंजीवर गोधड्याच गोधड्या वाळत होत्या. आणि अंगणात दोरीवर मांजरपाट. पांढराफेक.

माझी आई, मथुराबाई, ओल्या लुगड्यानं ओट्यावर बसली होती. दमून गेलेली, पण तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बघ गं निकू, तुजं कापड! परदेशात जायाचं म्हनतीस, आन् असं घान पाठवतीस व्हय? लोक म्हनतील, ह्यांच्या घरात बायामानसं न्हाईत का. सोडा-साबन घालून चुलीवर उकळलं, मंग धोपटलं. हळद गेली, चा गेला. एक गोल तेलकट डाग तेवढा लई चिवट निघाला बघ. हात दुकून आलं. पर घालवलाच!"

निकिताच्या हातातली नळी खाली पडली. माझ्या तोंडात शिवी आली, पण देऊ कुणाला? आईला? त्या सुजलेल्या हातांना? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पोरीला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा म्हणून. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

"आजी, तो डाग आबांचा व्हता."

"आबाचा?"

निकितानं स्वतःच्या डोक्यामागं हात लावून दाखवलं. "दुपारी निजायचे तिथला. तेलाचा. त्यो ऱ्हावा म्हणूनच मी कापड जपलं व्हतं."

 आई उठून दोरीजवळ गेली आणि कापडाची कड हातात धरली.

"कुठं व्हता गं?"

निकितानं मोबाईल काढला. फोटोत डाग स्पष्ट होता. पण कापडाचं कुठलं टोक कुठलं, उलटं कुठलं, सुलटं कुठलं, हे ओळखायला एक खूण उरली नव्हती. तिनं एका जागी बोट ठेवलं. "इथं असंल." मग दोन वीत सरकून म्हणाली, "न्हाय आजी, इथं."

आईनं दोन्ही ठिकाणी नाक लावलं.

"नुसता साबनाचा वास येतुय," ती म्हणाली. कापड सोडलं नाही तिनं. तशीच माझ्याकडं वळली. "रणधीर, तू तरी सांग की रं. कुठं व्हता?"

मी पुढं होऊन कापडाला नाक लावलं.