न हलणारी पट्टी

फकिराने तेलाच्या पिप्याच्या पत्र्यातून कापलेल्या चौथ्या पट्टीत रिवेट बसवलं, हातोडीचे दोन हलके ठोके घातले आणि चौकट माहिती घ्यायला आलेल्या भूमिकापुढे सरकवली.

"खालची पट्टी बोटानं दाबून धर. आता बाजूची फिरव."

तिने फिरवली. उरलेल्या दोन पट्ट्या मान डोलावल्यासारख्या पुढे-मागे झाल्या.

"आता सोड."

बोट उचलताच चौकट तिच्या हातात लुळी पडली.

"एकीनं हालायचंच नाही, बेटा. तिच्या भरवशावर बाकीच्या हालतेत."

दुर्गजवळच्या बोरसीतल्या त्या व्हरांड्यात अशा चौकटींचा ढीग होता. जुनवानीकडची कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी फकिराकडून बनवून नेत. एकीवरून नागपुरात नकली गुडघा तयार झाला, एक माशाचा जबडा कसा उघडतो ते मोजायला गेली आणि एक चंद्रावर गेली, असं तो सांगे. त्यातली माशाची तेवढी खरी होती. प्लांटमध्ये चाळीस वर्षं फिटर असताना त्याने वितळत्या लोखंडाच्या धगीवर भाकरी भाजली होती आणि क्रेनच्या हुकाला लटकून दुर्ग स्टेशन पाहिलं होतं. त्याची ही कीर्ती मोहन नगरच्या चहाटपरीपर्यंत पोचली होती. गावी मात्र तो कधी गेला नाही. सुटी मिळत नाही म्हणायचा. रिटायर झाल्यावरही तेच म्हणे.

"माझंही लिंकेजचंच, जोडणीचंच काम आहे, आजोबा," भूमिका म्हणाली. "तुमचं पट्ट्यांचं, माझं कागदांचं. माझी मैत्रीण समृद्धी जनुकांचं करते. कोणता आजार कोणत्या खुणेसोबत पिढ्यान् पिढ्या चालत येतो, ते. मी विदर्भातून इथं आलेल्या कामगारांचे कागद जोडते. गावचा जन्म-मृत्यू, शाळा, प्लांटचा दवाखाना. कोण किती जगलं ते पाहायचं. नाव, बाप, गाव, जन्मसाल जुळलं की कॉम्प्युटर म्हणतो, एकच माणूस. जिथं गडबड दिसते, वहाँ मुझे खुद जाना पड़ता है."

"माह्यात का गडबड आहे?"

भूमिकाने टॅब मांडीवर सरळ केला.

"तुम्ही मार्च अठ्ठ्याहत्तरमध्ये वारलात. आणि मे महिन्यात प्लांटमध्ये लागलात."

दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या बायकोचं, रंभाचं, बोट सुपात थांबलं. मग पुन्हा चालू लागलं.

फकिरा पोट धरून हसला.

"मंग बरोबरच आहे तुहा कॉम्प्युटर. टायफाइडनं मेलो मी. वर गेलो तं यमाच्या ऑफिसात हे मोठी लाइन. बाबू म्हणे, तुह्या नावानं प्लांटचं बोलावणं आलं आहे, पहिले ड्यूटी करून ये. खाली आलो तं माहा देह जाळून टाकलेला. बाजूले लहान भाऊ झोपला होता, डोमा. सोळा वर्षांचा. त्याच्यातच शिरलो." त्याने डोळे पुसले. "कँटीनमध्ये चाळीस वर्षं हेच सांगत आलो. अख्खी शिफ्ट हसे."

भूमिकाही हसली. हसता हसता तिने टॅबवर बोट फिरवलं आणि तिचं हसू मावळलं.

"डोमा आहे इथं. जन्म बासष्टचा. पुढे काहीच नाही. मतदार यादीत नाही, लग्न नाही, मृत्यूसुद्धा नाही. आजोबा, तो गेला कुठं?"

"सांगतलं ना," फकिरा म्हणाला. आवाज उतरला होता. "कोणी मानत नाही, तं माहा काय दोष?"

तिने टॅबवरची दोन्ही नावं पुन्हा पाहिली. त्याने चौकट उचलली आणि खालची पट्टी अंगठ्याखाली दाबून धरली.

"हे कोण कोण वाचते?"

"नावं नंतर काढून टाकतात. पण त्याआधी आमचे चार जण बघतात."

"पेन्शन फकिराचं आहे, बेटा. घर त्याच्या नावचं. पोराच्या कागदावर बाप तोच." अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. "आता या वयात कुठं हालू?"

टॅबवर वारलेला फकिरा आणि प्लांटमधला फकिरा यांच्यापुढे दोन चौकोन होते, 'एकच माणूस' आणि 'वेगळी माणसं'. भूमिकाने दुसरा दाबला.

"खोटं लिहिलं का माह्यासाठी?"

"नाही. जो वारला तो वारला, तुम्ही समोर बसले आहात. माणसं वेगळीच आहेत."

फकिराने मान हलवली. मग विचारलं, "अन् डोमा?"

"ज्याचं कशाशीच जुळत नाही, त्याला शेवटी यादीतून काढतात."

"काढाच लागते?"

डोमाच्या नावापुढे भूमिकाने 'तपास सुरू' असं लिहिलं आणि रंभाकडे वळली.

"आजी, घरच्या एका माणसाकडून नाव विचारून लिहावं लागतं. यांचं नाव सांगा."

रंभाने दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

"नाव घेतल्यानं काय होतं, आजी?"

"आमच्यात घेत नाही."

"मांडवातही घेतलं नाही इनं," फकिरा म्हणाला. त्याला आपली जुनी चाल परत सापडली होती. "सारे वऱ्हाडी मागं लागले, तरी तोंड शिवल्यावानी बसली. लाजाळू मोठी."

भूमिकाने पाटीवरचं नाव उतरवून घेतलं, दोघांच्या पाया पडली आणि स्कूटीवरून निघून गेली. फाटकाची कडी वाजली. फकिरा चौकट धरून तसाच बसला.

रंभाने सुपातला शेवटचा खडा अंगणात फेकला.

"चहा ठेवू का, डोमा?"

पट्टी अंगठ्याखालून निसटली.

"तुले... तुले कोणं सांगतलं?"

"सासूबाईनं. हळद लागायच्या आधी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मेलेल्या जेठाचं नाव नवऱ्याचं म्हणून कशी घेऊ मी?"

ती आत गेली. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज झाला, काडी ओढली गेली. थोड्या वेळाने आतून पुन्हा तीच हाक आली, जरा मोठ्याने.

या खेपेला डोमाने ओ दिली.