हरकत नाही

जेट्टीच्या जनसुनावणीला मी मुद्दाम नवा शर्ट घालून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो. आमच्या मच्छीमार संस्थेचा मी सचिव, शिवाय पदवीधर, तेव्हा गावाच्या वतीने बोलणार मीच. जेट्टी होणार होती नेमकी आमच्या खळ्यावर, जिथे गावातल्या चाळीस बायका बोंबील सुकवतात.

त्या चाळीसही जणी टेम्पो करून अलिबागला आल्या होत्या. जेट्टी बांधणाऱ्या कंपनीचं सादरीकरणच दीड तास चाललं. ते संपताच नीराबाई उठली. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या खळ्यावरच चालतं.

"सायेब, मना बोलाचा हाय!"

पुढच्या रांगेतले लोक वळून हसले आणि मला तिच्या बोलीची लाज वाटली. माझी आई मरेपर्यंत तशीच बोलत होती. तरी मी तिच्या कानाशी वाकून दटावलं, "काकी, खाली बस. मी बोलतो ना!" ती बसली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सचिवसाहेब, तुमचं लेखी निवेदन मिळालंय. वेळ कमी आहे, तेच जोडून घेतो. चालेल?"

सचिवसाहेब! मी पार विरघळलो. माईक हातात होताच. "हरकत नाही, साहेब," मी म्हणालो.

महिन्याने इतिवृत्त आलं. 'मच्छीमार संस्था: हरकत नाही.' आमचं विरोधाचं निवेदन होतं, पण पार शेवटी, परिशिष्टात. भांडणार तरी कोणाशी? शब्द माझेच होते, आणि ते रेकॉर्डही झाले होते.

संध्याकाळी नीराबाई घरी आली. "कागुद आलाय म्हनं. वाच." तिला वाचता येत नाही, काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तेवढा निर्लज्ज मी अजून झालो नव्हतो. सगळं वाचलं. 'चाळीस महिला उपस्थित. त्यांनी मत मांडले नाही,' हेसुद्धा.

"मी उठली व्हती, ता न्हाय लिवला?"

"नाही, काकी."

तिने माझ्या हातातला कागद घेतला, नीट घडी घालून परत दिला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बायकांना सांगन, सायबानीच आयकला न्हाय," ती म्हणाली. "तुजा नाव न्हाय घेनार. तुला गावान ऱ्हावाचा हाय."

ती उठून चालू लागली. तिला थांबवायला हवं होतं. पण तिने ते खोटं सगळ्यांना नीट पटवून द्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.