चारही टायर

मागचा टायर दगडाच्या धारेने बाजूने फाटला, म्हणून मी टायरवाल्याकडे गेले. आधी गाडीचं सगळं हे बघायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी नुसती चालवते. घरी एकट्या नकोत म्हणून सासूबाईंना मागे बसवून आणलं होतं.

"एवढा एक बदला," मी म्हटलं.

"वहिनी, हिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर जातो. तीन अर्धे झिजलेले आणि एक कोरा, असं केलं तर आतल्या गिअरांवर ताण येतो. चारही बदलावे लागतील."

त्याने दोन टायर माझ्यापुढे उभे केले. एक मोठ्या खाचांचा, ह्यांचा नेहमीचा. दुसरा बारीक नक्षीचा, डांबरी रस्त्याचा.

तो खडबडीत टायर ह्यांनी माझ्यासाठीच निवडला होता. माझी शाळा टेकडीवर, शेवटचा रस्ता निव्वळ चिखल. हे रोज सकाळी सोडायला यायचे. टायर असे घरघरायचे की आम्ही ओरडूनच बोलायचो, आणि फाटकाशी गाडी थांबली तरी आवाज चढलेलेच. वर्गातल्या मुलींना वाटायचं, बाई रोज नवऱ्याशी भांडून येतात.

"साहेब दुसऱ्याला हात लावायचे नाहीत," टायरवाला म्हणाला. "तुम्ही अजून तिकडे जाता?"

मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी हात त्या खाचांवरून फिरत राहिला.

सासूबाईंनी काच खाली केली. "काय गं, टायर निवडतेस की जावई?"

टायरवाला हसला. मी बारीक नक्षीवर बोट ठेवलं.

परतताना गाडी इतकी शांत होती की मला चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. तेवढ्यात मागून बारीक सूर आला. सासूबाई गुणगुणत होत्या.

"आई, हे कधीपासून?"

"गाडीत बसले की नेहमीच म्हणते. तुमच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? तो लहानपणी झोपायचा नाही, तेव्हा शब्दाला शब्द जोडून रचलेलं."

"पहिल्यापासून म्हणा ना."

त्यांनी आढेवेढे घेतले, मग म्हटलं. दुसऱ्याच ओळीत कुणी बेडूकराव उशीवरून उड्या मारत होते.

"बेडूकराव कोण?"

"कोण म्हणजे? तुझा नवरा."

तीस वर्षं संसार केला, आणि हे नाव मला ह्यांनी एकदाही कळू दिलं नव्हतं. मला हसू आलं आणि समोरचा रस्ता धूसर झाला. घराचं वळण आलं, पण गाणं अर्धं होतं. मी गाडी सरळ पुढे जाऊ दिली.