एका भरलेल्या पासपोर्टची कैफियत

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. जुना म्हणजे सव्वा वर्षाचा. हसू नका. माझी मुदत संपायला अजून बरीच वर्षे आहेत. मी म्हातारा झालो तो वयाने नव्हे, शिक्क्यांनी.

मलावीच्या राजधानीत एका मोठ्या यंत्रावर माझा जन्म झाला. बत्तीस कोरी पाने, कडक पाठ आणि छातीवर सोनेरी चिन्ह. माझ्याबरोबर छापलेले भाऊ विमानात बसून दूरदूर गेले. माझ्या नशिबी सायकलचे कॅरियर आले.

माझे मालक लायसन म्वाले हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना चार बहिणी आणि अकरा भाचरे, म्हणून सारा गाव त्यांना मामाच म्हणतो. आमच्या चेवा लोकांत मुलांचे सगळे मामाकडे असते. बाप खाऊ घालतो, निर्णय मामा घेतो. मामांची धाकटी बहीण फालेस सीमेपलीकडे झांबियात राहते. मामांच्या घरापासून तिचे घर आठ किलोमीटर. मध्ये देश बदलतो, एवढेच.

या दोन देशांत व्हिसा लागत नाही, हे मामा सगळ्यांना अभिमानाने सांगत. लागते ते बाकीचे सगळे. पासपोर्ट लागतो, पिवळ्या तापाच्या लसीचे कार्ड लागते, कुठे जाणार, कशाला जाणार, कधी परतणार ही उत्तरे लागतात. मक्याच्या शेतातून एक पायवाट पलीकडे जाते. तिथून बायका जातात, शेळ्या जातात, एकदा तर अख्खा पलंग गेला. पण मामा म्हणत, "मी चाळीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. आता या वयात मक्यातून वाकून पळू?"

म्हणून दर शनिवारी बहिणीकडे जेवायला जाताना मामा मला घेऊन सरळ रस्त्याने जात. जाताना दोन शिक्के, येताना दोन. एका जेवणाला चार शिक्के!

तेही छोटे असते तर निभावले असते. पण आमच्या बाजूच्या नाक्यावरचे फिरी साहेब पानाच्या बरोब्बर मध्यभागी शिक्का मारत.

"साहेब, जरा कोपऱ्यात मारता का?" मामा विचारत.

"मामा, शिक्का सरकारचा आहे. सरकार कधी कोपऱ्यात उभं राहतं का?"

माझे कौतुकही झाले, नाही असे नाही. चर्चमध्ये मामा मला खिशातून काढून मुलांना दाखवत आणि म्हणत, "बघा, एकही प्रवास चोरून केलेला नाही." मुले माझ्यावरून बोट फिरवत. काहींच्या बोटांना शेंगदाण्याचे तेल असे. मी तेही सोसले.

मग फालेसच्या मुलीचे, एनेलेसीचे लग्न ठरले. तेव्हा माझे एकच पान कोरे उरले होते. मामांनी नव्या पासपोर्टसाठी अर्ज केला आणि मला पेटीत जपून ठेवले. शनिवारचे जेवण बंद झाले. नवा पासपोर्ट काही आला नाही, लग्न मात्र आले.

आमच्याकडे लग्नात मुलीचा मामा कोंबडी आणतो, मुलाचा मामा कोंबडा आणतो, आणि दोघे ते एकमेकांच्या हाती देतात. पाद्री असो, ढोल असोत, नवरी नटून बसलेली असो, ही देवघेव झाली नाही तर लग्न झाले नाही. मामांनी एक ठिपकेदार कोंबडी निवडली आणि स्वभावाप्रमाणे तिचे कागद काढले. तब्येतीचा दाखला, लसीचा दाखला, देश सोडायचा परवाना, देशात शिरायचा परवाना. कोंबडी दीड वर्षाची, पण तिच्या फायलीला दोरी बांधावी लागली.

आदल्या दिवशी मामा रिवाजाप्रमाणे गावच्या मुखियाचा निरोप घ्यायला गेले. मुखियाला सगळे दाखवावे म्हणून मला आणि कोंबडीला बरोबर नेले. तिथे कोंबडी सुटली. मामा मला चटईवर ठेवून तिच्या मागे धावले. मुखियाने मला उचलले, चाळले, आणि शेवटचे कोरे पान पाहून त्याचा चेहरा उजळला. आमच्याकडे गावाबाहेर जाणाऱ्याला मुखिया चांगल्या वागणुकीची चिठ्ठी देतो. सरकारने तिच्यासाठी जागा सोडलेली पाहून त्याला भरून आले. त्याने जांभळ्या शाईने सावकाश लिहिले आणि खाली आपला बशीएवढा गोल शिक्का हाणला.

मामा कोंबडी घेऊन परतले. मुखियाने मला पुढे केले. मुखियाने दिलेल्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही. मामांनी गुडघे टेकून दोन्ही हातांनी मला घेतले आणि रिवाजाप्रमाणे हलक्या टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सीमेवर पोचलो. फिरी साहेबांनी जाण्याचा शिक्का कसाबसा एका जुन्या शिक्क्यावर चढवला. फाटक ओलांडून, दोनशे पावले चालून आम्ही झांबियाच्या खिडकीशी आलो. तिथे तेम्बो बाई नव्याने आल्या होत्या. त्यांनी मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. मग शेवटापासून पहिल्यापर्यंत.

"कोरं पान कुठाय, मामा?"

"शेवटचं बघा."

"यावर कुणीतरी लिहिलंय. 'हा माणूस आमचा आहे. चांगला आहे. याला कुणी अडवू नये.' कोण हे?"

"आमचे मुखिया."

"मग आता मी काय करू?"

"त्यांनी लिहिलंय ते करा."

बाई हसल्या नाहीत. "एक अख्खं कोरं पान लागतं. नियम आहे. त्यात पासपोर्टावर खासगी माणसाने लिहिलेलं!"

"मुखिया खासगी नाहीत हो. ते सगळ्या गावाचे आहेत."

"आणि या टोपलीत काय?"

मामांनी फाईल पुढे केली. बाईंनी एकेक कागद वाचला. त्यांचा चेहरा निवळत गेला.

"याला म्हणतात कागद! लस वेळेवर, परवाना वेळेवर. काही अडचण नाही. जाऊ शकते."

"कोण?"

"कोंबडी."

"एकटी?"

"तिचं सगळं नीट आहे."

"अहो बाई, नवरीचा मामा मी आहे. कोंबडी नाही!"

"पण कागद तिचे बरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

मामा तणतणत मागे फिरले. फिरी साहेब म्हणाले, "परत आलात? मग येण्याचा शिक्का लागेल. जागा दाखवा."

"जागा नाही म्हणून तर परत आलो!"

"तुम्ही देश सोडलाय, मामा."

"तुमच्यासमोर उभा आहे ना मी?"

"कागदावर नाही आहात."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि सगळ्या जगाचा संताप आला. दोन फाटकांच्या मधल्या दोनशे पावलांवर मामा सूट घालून एका दगडावर बसले. शेजारी टोपली. ऊन डोक्यावर आले. तेवढ्यात फालेसचा फोन.

"दादा, ढोल शेकून तयार आहेत, पातेल्यातली न्सिमा गार होतेय. कुठायस तू?"

"फालेस, मी सध्या कुठेच नाही."

"गंमत करू नकोस. मुलाकडची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतेय, या मुलीला मामा आहे की उसना आणायचाय? दुपारपर्यंत आला नाहीस तर कोंबडा घेऊन निघतो म्हणतात."

मामांनी सगळे सांगितले. मग फालेस म्हणाली, "तुला येता येत नाही ना? मग आता तिथून हलू नकोस."

तासाभराने रस्त्यावर धूळ उठली. ढोल, म्हाताऱ्या, पातेली, नवरा, नवरी, सगळी वरात झांबियाच्या फाटकाच्या आडव्या लोखंडी बारशी येऊन थांबली. तेम्बो बाई धावत आल्या.

"एवढे लोक कुठे निघालात?"

"कुठेच नाही," फालेस म्हणाली. "आम्ही आमच्याच देशात उभे आहोत."

"आणि या कोंबड्याचे कागद?"

"तो कुठे देश सोडतोय?" मुलाचा मामा म्हणाला. "तो बारच्या अलीकडेच राहील."

बाईंना कायद्यात काही सापडेना. मामांनी बारच्या पलीकडून कोंबडी पुढे केली. ती फाईलसकट, पूर्ण कायदेशीरपणे झांबियात गेली. आता मामांनी कोंबडा हातात घ्यायचा. मुलाच्या मामाने तो बारवर धरला. पाय झांबियात, चोच बाहेर. मामांनी दोन्ही हात पुढे केले. त्याच क्षणी तेम्बो बाईंचे पेन खाली पडले आणि ते शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्यात कोंबडा मामांच्या हातात जाऊन, तिथून फालेसच्या हातात परतही आला.

ढोल वाजले. म्हातारी म्हणाली, "मामा उंचीने जरा कमी आहे, पण आहे." एनेलेसी बारसमोर गुडघे टेकून बसली. बारखालून हात घालून मामांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "माझा मामा लग्नाला आला होता, एवढंच सांग. कुठपर्यंत आला होता, ते कुणी विचारलं तर विषय बदल."

संध्याकाळी फिरी साहेबांनी मामांच्या जाण्याच्या शिक्क्यावर 'रद्द' लिहिले आणि त्यांना घरी सोडले. म्हणजे कागदोपत्री मामा कुठे गेलेच नाहीत. त्या दिवशी आमच्या घरातून परदेशी गेली ती फक्त कोंबडी.

पुढच्या महिन्यात नवा पासपोर्ट आला. माझा एक कोपरा कापून मला पेटीत टाकले. तिथे दमट आहे, आणि पिवळ्या तापाचे कार्ड जाताजाता मला "आपण बुवा जन्मभर चालतो" असे ऐकवून नव्याच्या पानांत राहायला गेले.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याची पाने अधूनमधून मोजत जा. तेलकट बोटे पुसत जा. आणि तो चटईवर ठेवून कुणामागे धावू नका, मग काहीही सुटलेले असो.

काल पेटी उघडली तेव्हा नवा पासपोर्ट माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. मामांच्या दुसऱ्या भाचीचे जमले आहे. मुलगा मोझांबिकचा.

"दादा," त्याने विचारले, "तिकडे जायला काय काय लागतं हो?"

मी कापलेला कोपरा त्याच्याकडे केला आणि झोपल्याचे सोंग घेतले.